घरचंच माणूस

छबुबाईंनी चहा गाळला, पण तो कपात पडलाच नाही. कपाच्या बाजूने फरशीवर सांडला आणि ओघळत मुलाच्या पायापर्यंत आला. मुलगा म्हणजे गहिनीनाथ. त्याने पाय मागे घेतला, पण कानाला लावलेला फोन काही खाली घेतला नाही. "हो साहेब, झालंच साहेब, तुमी फक्त सांगा साहेब," असं त्याचं चाललं होतं. त्याची बायको सत्यशीला चुलीपासून उठून आली, सासूच्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि फडकं घेऊन पुसायला बसली. पुसता पुसता तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ कळायला फोन बंद असावा लागतो, आणि गहिनीनाथचा फोन कधी बंद नसायचा.

मंडळी, हे घर केज तालुक्यातलं, युसूफ वडगावच्या अलीकडच्या एका गावातलं. पण गावाचं सोडा. असं घर तुमच्या गल्लीतही असेल, कदाचित तुम्ही आत्ता त्याच घरात बसून हे वाचत असाल. घरातला कर्ता माणूस जगाची कामं पळत करतो आणि घरची कामं उद्यावर ढकलतो. जग त्याला भला माणूस म्हणतं. घर काहीच म्हणत नाही, कारण घराला विचारतंय कोण?

गहिनीनाथ साहेबांचा कार्यकर्ता होता. साहेबांचं नाव मी सांगत नाही, प्रत्येक तालुक्यात एखादे असतातच, तुम्ही तुमचे घाला. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला गंध आणि खिशात साहेबांचा फोटो छापलेलं कॅलेंडर, असा हा गडी सकाळी बाहेर पडला की दिवस मावळल्याशिवाय घरी दिसायचा नाही. आता खोटं कशाला बोला, माणूस वाईट नव्हता. कुणाचा जातीचा दाखला अडला, कुणाचं रेशन बंद पडलं, कुणाची बाळंतीण अवघडली, की गहिनीनाथ हजर. तहसीलमध्ये तर शिपायापासून सगळे त्याला नावाने ओळखायचे.

आणि त्याच्या मनात एक मोठी गोष्ट होती. पंचायत समितीवर निवडून जायचं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गावाबाहेरच्या वस्तीचा रस्ता तुटायचा, तिथे पूल करायचा. शाळेच्या पोरींना पाण्याची टाकी बांधून द्यायची. पुढेमागे सभापती व्हायचं. स्वप्न काही चोरीचं नव्हतं. चूक स्वप्नात नव्हतीच मुळी, चूक कुठे होती ते पुढे कळेलच.

छबुबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्यात जास्त, डाव्यात थोडा कमी. आजकाल मोतीबिंदू म्हणजे काही मोठं दुखणं नाही. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, ऑपरेशन करायचं, काळा चष्मा लावून घरी यायचं, झालं. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्या तशा जाऊन आल्या होत्या. पण छबुबाई पडल्या कार्यकर्त्याची आई! साहेबांच्या वाढदिवसाला दरसाल मोफत नेत्रशिबिर भरायचं आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं गोळा करून जीप भरायचं काम गहिनीनाथकडे असायचं. सत्यशीलाने एकदा म्हटलं, मी नेते आत्याबाईंना अंबाजोगाईला, एका दिवसाचं तर काम. तर गहिनीनाथ तिच्यावर केवढ्यांदा खेकसला. शिबिर भरवणाऱ्याचीच आई शिबिर सोडून दुसरीकडे गेली तर लोक काय म्हणतील? साहेबांना काय वाटेल? माय जाईल तर साहेबांच्या शिबिरातच जाईल, तीही पहिल्या रांगेत, असं त्याने ठरवून टाकलं. डोळे आईचे, पण ठरवणार हा.

पहिल्या शिबिराला जीपमध्ये माणसं जास्त झाली, तेव्हा छबुबाई स्वतःच म्हणाल्या, जाऊ दे, मी पुढच्या खेपेला जाईन. आईच ती, म्हणणारच.

पण परसाल जे झालं, ते वेगळं होतं. छबुबाई भल्या सकाळी न्हाऊन, नवं लुगडं नेसून, पिशवीत चादर आणि दशम्या घेऊन जीपमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसल्या होत्या. शेजारपाजारच्या बायांना त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की नजर आली की कपिलधारला जाणार, तिथल्या धबधब्याचं पडतं पाणी एकदा डोळे भरून बघणार. लग्नानंतर त्यांच्या मालकांनी त्यांना तिथे नेलं होतं. मालक गेले, पण ते पाणी त्यांच्या मनातून गेलं नव्हतं.

जीप निघणार एवढ्यात वत्सलाबाई आल्या. वत्सलाबाई म्हणजे सुरजची आजी. हा सुरज विरोधी गटाचा तरणाबांड पुढारी, मोठी भावकी, वस्तीवरची सगळी मतं त्याच्या शब्दात. त्याची आजी आपल्या शिबिराला आली म्हटल्यावर गहिनीनाथच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. हिला नेली तर सुरजचं घर फुटलं म्हणून समजा! पण जीपमध्ये जागा नव्हती. त्याने आत डोकावून पाहिलं. हा नाराज होईल, तो नाराज होईल, असं करत करत नजर आईवर येऊन थांबली.

"माय, तू उतर," तो म्हणाला. "तू काय, घरचंच माणूस हाय. जातंय कुठं?"

वत्सलाबाई सुद्धा म्हणाल्या, राहू द्या, बसली हाय तर बसू द्या तिला, मी नंतर जाईन. पण गहिनीनाथ ऐकतोय होय? त्याने आईच्या दंडाला धरून तिला खाली घेतलं, वत्सलाबाईंना हात देऊन वर चढवलं आणि मोबाइलवर त्यांचा फोटोही काढला. जीप धुरळा उडवत गेली. छबुबाई पिशवी पोटाशी धरून वेशीपाशी उभ्या राहिल्या. शेवटी शेजारची एक बाई त्यांना हाताला धरून घरी घेऊन आली. दशम्या तशाच पिशवीत राहिल्या.

गहिनीनाथचा डाव मात्र बरोबर बसला. वत्सलाबाईंना लख्ख दिसायला लागलं, सुरजचं मन वळलं, आणि दिवाळीच्या आसपास तो आपली सगळी माणसं घेऊन साहेबांच्या गटात आला. त्याला साहेबांच्या पायाशी नेऊन घालणारा कोण, तर गहिनीनाथ. त्याच्या गळ्यात हार घालणारा कोण, तर गहिनीनाथच. साहेब खूश झाले, पाठीवर थाप मारली. गहिनीनाथला वाटलं, आता आपलं तिकीट पक्कं!

कधीची लांबलेली निवडणूक अखेर लागली आणि त्याच सुमारास छबुबाईंचा उजवा डोळा लाल झाला. आधी नुसता लाल, मग ठणका. डोकं असं दुखायचं की त्या पदराने कपाळ आवळून बांधून भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. सत्यशीलाने नवऱ्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. तो म्हणायचा, तिकिटाचं तेवढं होऊ दे. तिने गावातल्या डॉक्टरकडून थेंब आणले, त्याने काही फरक पडला नाही. मग तिने शेवटी मामांना फोन केला.

मामा म्हणजे राधाकिशन, छबुबाईंचे धाकटे भाऊ. जन्मभर एसटीवर ड्रायव्हर होते, आता युसूफ वडगावला घरी असतात. ते आले, बहिणीजवळ बसले, तिचा डोळा पाहिला आणि ओसरीवर येऊन भाच्याची वाट बघत बसले. गहिनीनाथ दुपारी कपडे बदलायला घरी आला तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवून घेतलं. त्याने घड्याळ पाहिलं. मामांनी ते पाहिलेलं न पाहिल्यासारखं केलं.

"मामा, मोठं काम करायचं म्हटलं की घर जरा बाजूला ठेवावंच लागतं," गहिनीनाथ म्हणाला. "मोठ्या झालेल्या सगळ्यांनी ठेवलंय."

"त्यांनी सोताचं सुख बाजूला ठेवलं आसंल बाबा. आईचा डोळा न्हाई ठेवला. तुला द्यायचं आसंल तर तुझं काय ते दे. तिचा डोळा तू का म्हून दान करतूस?"

गहिनीनाथने पुन्हा घड्याळ पाहिलं. मग मामाच पुढे म्हणाले, "मी हयातभर गाडी चालवली. डेपोतून गाडी काढायच्या आधी बिरेक बघायचा, पाणी बघायचं, डिझेल बघायचं. गावाच्या नावाची पाटी सगळ्यात शेवटी. तू आधी पाटीच लावून बसलास. सभापतीची पाटी लावली म्हणून गाडी तिथवर जात न्हाई रे."

बोलणं लागलं. पण लागलेलं मान्य करायला वेळ कुठे होता? गहिनीनाथने सांगितलं की परवा तिकिटं जाहीर होणार, ते झालं की तो स्वतः मायला घेऊन जाणार, साहेबांची गाडीच मागवतो बघा. मग त्याने नवा पांढरा सदरा चढवला आणि गेला. मामा मात्र घरी गेले नाहीत, मुक्कामाला राहिले.

तिकिटं जाहीर व्हायच्या दिवशी केजला साहेबांच्या बंगल्यापुढे मांडव घातला होता. चपलांचा ढीग पडला होता, चहाचे कागदी कप तुडवले जात होते, ढोलवाले आधीच येऊन बसले होते. गहिनीनाथ पहिल्या रांगेत. गावातल्या पोरांनी त्याच्यासाठी हार आणून लपवून ठेवला होता. सत्यशीलाचा फोन आला, त्याने कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मग त्याने फोन मुका करून खिशात टाकला. बायकोला काय, बंगल्यातली गडबड कळते थोडीच!

साहेब बाहेर आले. एकेका गणाचं, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघाचं, नाव घ्यायला लागले. गहिनीनाथच्या गणाचं नाव आलं आणि तो उठायच्या बेतात होता, एवढ्यात साहेब म्हणाले, "सुरज!"

मागच्या रांगेतून सुरज उठला. ढोल वाजायला लागले. गावच्या पोरांनी आणलेला हार कुणीतरी त्यांच्या हातातून घेतला आणि तोच सुरजच्या गळ्यात पडला. गहिनीनाथ जिथल्या तिथे बसून राहिला. साहेबांचं त्याच्याकडे लक्ष गेलं, ते हसत हसत खाली उतरले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आता काही जण म्हणतील, गहिनीनाथचं काय? अरे, गहिनीनाथ घरचंच माणूस हाय. जातंय कुठं!"

सगळा मांडव हसला. गहिनीनाथही हसला. हेच तर वाईट, की तोही हसला. हसता हसताच मांडवाबाहेर आला आणि ढिगात आपल्या चपला शोधायला वाकला. एक सापडली, दुसरी सापडेना. वाकल्या वाकल्या त्याच्या कानात ते वाक्य पुन्हा वाजलं. घरचंच माणूस हाय. जातंय कुठं. हे आपण आधी कुठेतरी ऐकलंय, असं त्याला वाटलं. कुठे बरं? कुणाच्या तोंडून?

आणि मग त्याला आठवलं, ते दुसऱ्या कुणाच्या नव्हे, आपल्याच तोंडून. वेशीपाशी, जीपच्या दाराशी, आईच्या दंडाला धरून.

तो तिथेच चपलांच्या ढिगात खाली बसला. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि तोंडाला पानं पुसली. दगा दिला साहेबांनी, विश्वासघात केला! आतून नुसती आग आग होत होती. पण ती आग पाखडावी तरी कुणावर? साहेबांनी केलं ते काय नवीन केलं होतं? ज्याची खात्री आहे त्याला खाली उतरवायचं आणि ज्याची खात्री नाही त्याला वर बसवायचं. हा हिशेब साहेबांनी आज केला, गहिनीनाथने परसालच केला होता. त्याच सुरजच्या घरासाठी. अरे देवा, तेव्हा आईला असंच वाटलं असेल का?

त्याने खिशातून फोन काढला. सत्यशीलाचे कॉल येऊन पडले होते, त्यात मामांचेही होते. त्याने फोन लावला. तिने उचलला, पण आवाज कोरडा होता. सकाळपासून आत्याबाईंना उलट्या होत होत्या, डोळ्याच्या ठणक्याने त्या ओरडत होत्या, म्हणून ती आणि मामा त्यांना घेऊन अंबाजोगाईला आले होते. एवढं सांगून ती म्हणाली, "तुमाला फोन करून करून थकले मी. यायचं तर या, न्हाई तर नका येऊ."

एक चप्पल स्वतःची आणि दुसरी कुणाची तरी, असा गहिनीनाथ केजच्या चौकात आला आणि अंबाजोगाईला निघालेल्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसला. जीप गच्च भरली होती. वाटेत फोन वाजत होता, गावची पोरं विचारत होती, आता काय करायचं, राजीनामे द्यायचे का? त्याने कुणाचाच उचलला नाही. आपण किती जीपा भरल्या याचा त्याला आजवर अभिमान होता. त्यातल्या एकाही जीपमध्ये आपण आपल्या आईला नीट बसवलं नाही, एवढंच त्याला आता दिसत होतं.

दवाखान्यात व्हरांड्यात सत्यशीला आणि मामा बाकड्यावर बसले होते. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, पण उठले नाहीत. डॉक्टर बाई तरुण होत्या, समजावून बोलल्या. मोतीबिंदू नको तेवढा पिकला, डोळ्यातला दाब वाढला आणि मागची नस सुकली. आता ठणका थांबवण्यासाठी इलाज करू, पण उजव्या डोळ्याची नजर परत येणार नाही. डावा मात्र हाती आहे, तो वेळेत केला तर चांगलं दिसेल. मग त्यांनी विचारलं, परसाल का नाही आणलंत? तेव्हा साधं काम होतं.

गहिनीनाथने सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीलाने मान खाली घातली. नवऱ्याची लाज राखायची आता तिला मुळीच इच्छा नव्हती, पण दहा माणसांत सांगावंसंही वाटलं नाही.

छबुबाई खाटेवर पडल्या होत्या. उजव्या डोळ्यावर पट्टी. औषधाने ठणका जरा कमी झाला होता. पायांच्या आवाजावरून त्यांनी मुलाला ओळखलं.

"तिकीट मिळालं का?"

"न्हाई. सुरजला दिलं."

त्यांनी पट्टीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे जीपमधली माझी जागा बी सुरजच्याच घराला गेली, आन् तुझी बी त्यांनाच."

गहिनीनाथने त्यांचे पाय धरले आणि तो रडायला लागला. एवढा मोठा गडी, कडक कपड्यांतला, पण लहान पोरासारखा हुंदके देत होता. कुणालाही वाटावं, आता आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवेल आणि सगळं विसरून जाईल. पण छबुबाईंनी पाय मागे ओढून घेतले.

"रडू नगंस. मला तुझा लई राग हाय," त्या म्हणाल्या. "डोळा गेला त्याचं मी देवाला सांगंन. पण तू मला चार बायांत दंडाला धरून उतरवलंस. मी न्हाऊन बसले होते रे. त्या दिवशी मला वाटलं, मी याची माय न्हाई, याचं एक मत हाय, आन् ते बी पक्कं, म्हणून फुकटचं."

पलीकडच्या खाटेवरची बाई कूस बदलून भिंतीकडे वळली. गहिनीनाथला साहेबांच्या मांडवातलं हसणं जेवढं लागलं नव्हतं, तेवढं हे लागलं. दगा कशाला म्हणतात ते त्याला आज दोनदा कळलं होतं, एकदा खाऊन आणि एकदा दिलेला समोर पाहून. दुसरा जास्त जड होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. गहिनीनाथ आईला पेज भरवत होता. आवाज नेहमीसारखाच, प्रेमाचा आणि हुकमाचा. सुरजचा अर्ज भरायला मिरवणूक काढायची आहे, जीपा पाठवतो, गावातून माणसं भरून घेऊन ये, तू असल्याशिवाय रंग नाही.

"साहेब, मला जमणार न्हाई. माय दवाखान्यात हाय. तिचा डोळा गेला."

साहेब हळहळले. खोटे नसतील हळहळले, माणूसच ते. मग म्हणाले, आपल्या शिबिरात का नाही आणलं तिला? पुढच्या शिबिराला दुसरा डोळा करू, पहिला नंबर तिचा. तू आजचा दिवस तेवढा सांभाळून घे.

"शिबिरात तिला जागा न्हाई मिळाली साहेब. मीच उतरवली तिला."

साहेब हसले. "नाराज झालास होय? अरे, तू तर घरचंच माणूस."

"हाय ना साहेब, घरचंच माणूस हाय मी," गहिनीनाथ म्हणाला. "घर तेवढं चुकलं होतं."

त्याने फोन ठेवला आणि वाटी पुन्हा हातात घेतली. छबुबाईंनी सगळं ऐकलं होतं. चमचा जवळ आल्यावर त्यांनी तोंड उघडलं.

काही आठवड्यांनी डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तोवर गहिनीनाथने औषधाच्या वेळा पाळल्या, डोळ्यात थेंब घातले, आईची वेणी घालायला शिकला आणि ती वाकडी घातली म्हणून बोलणीही खाल्ली. पट्टी सुटली तेव्हा छबुबाईंनी आधी सुनेकडे पाहिलं, मग भावाकडे आणि मग मुलाकडे. बराच वेळ पाहिलं.

"लई वाळलास रे," त्या म्हणाल्या. "कपडे तेवढे कडक हायेत."

सत्यशीलाला हसू फुटलं. कित्येक महिन्यांत त्या घरातलं कुणी असं मोकळेपणाने हसलं नव्हतं.

श्रावणात ते सगळे कपिलधारला गेले. गर्दी होती, पायऱ्या ओल्या होत्या. पाणी वरून कोसळत होतं आणि छबुबाई मान पूर्ण वळवून एका डोळ्याने ते पाहत होत्या. त्यांच्या पाहण्यात आनंद होता, पण अर्ध्या बाजूला अंधार होता, आणि तो आता तसाच राहणार होता. गर्दीतलं कुणीतरी उजवीकडून धडकून गेलं आणि त्या दचकल्या. तेव्हा त्यांनी जीपच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच मुलाचा हात आपणहून धरला.

"तू ह्या अंगाला उभा राहा," त्या म्हणाल्या. "इकडचं मला दिसत न्हाई."

गहिनीनाथ त्यांच्या उजव्या अंगाला उभा राहिला. आजही राहतो. लोकांची कामं त्याने सोडलेली नाहीत. तहसीलला तो आजही जातो आणि ओढ्यावरच्या पुलासाठी अर्ज घेऊन फिरतो. पण घरातून निघतो तो आईच्या डोळ्यात थेंब घालून, बायकोला काय हवं नको ते विचारून आणि स्वतः दोन घास खाऊन. निवडणूक पुन्हा येईल, तेव्हा तो उभा राहीलही. गावातले काही जण म्हणतात, आता तो पूर्वीसारखा पळत नाही. खरं आहे, पळत नाही. चालतो, आणि रोज घरी पोचतो.

तेव्हा मंडळी, मोठी स्वप्नं पाहू नका असं माझं म्हणणं नाही. खुशाल पाहा. गावाला पूल हवाच आहे आणि तो बांधायला कुणीतरी घराबाहेर पडलंच पाहिजे. पण पडायच्या आधी घरात एकदा नजर टाका. ज्या माणसाबद्दल आपण 'घरचंच आहे, जातंय कुठं' असं म्हणतो ना, त्याचं काम आज करा, सगळ्यांच्या आधी करा. ते माणूस कुठे जात नाही, हे अगदी खरं. पण त्याचा डोळा जातो, त्याची तब्येत जाते, आपल्यावरचा त्याचा विश्वास जातो. आणि हे एकदा गेलं, की कुठलेच साहेब ते परत आणून देत नाहीत.